चासीत पाणी कुठे बसतं?

जुनी जीप बघायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग इंजिन सुरू करून आवाज ऐकतो. खाली वाकून बघायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. इंजिनाचं बोअर करून घेता येतं, गिअरबॉक्सची बेअरिंग बदलता येतात, बॉडीचा पत्रा चांगला डेंटर ठोकून सरळ करतो, वायरिंग तर नव्यानेच ओढता येतं. चासीचं तसं नाही. इंजिन, पाटे, स्टिअरिंग, ब्रेकचे पाइप सगळं तिच्यावर टांगलेलं असतं, आणि गाडीची ओळख ठरवणारा नंबरही तिच्यावरच ठोकलेला असतो. ती हातची गेली की रस्त्यावरूनही गाडी गेली आणि कागदावरूनही. गंजलेली चासी घरच्या अंगणात दुरुस्त करता येते. मात्र ग्राइंडर हातात घेण्याआधी गंज नेमका कुठे बसला आहे आणि तिथेच का बसला, हे कळायला हवं. ज्याला ते कळलं त्याचं काम टिकतं. बाकीच्यांचं काम दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे धरतं.

इथे मी जीपबद्दल लिहितो आहे, कारण महाराष्ट्रात घरी उघडून बसण्याजोगी चासी बहुतेक वेळा तिचीच असते. विलिस आणि फोर्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जीपचं मोठं उत्पादन केलं. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलिसच्या जीप मुंबईत माझगावला जोडायला घेतल्या. विलिसने १९५३ मध्ये आणलेलं उंच बॉनेटचं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये थांबलं, पण आपल्याकडे ते पुढेही बराच काळ बनत राहिलं. नंतर प्यूजोच्या डिझेल इंजिनाची एमएम-५४० आली. वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने, कोकणातले बागायतदार, सातारा-कोल्हापूरकडचे वडापवाले असे हिचे आणि हिच्या मोठ्या भावंडांचे मालक. बॉडी आणि चासी वेगळी असल्याने बोल्ट काढले की चारसहा जण बॉडी उचलून बाजूला ठेवू शकतात. पद्मिनी किंवा अँबॅसॅडरला अशी वेगळी चासी नसतेच. तिथे पत्र्याचं खोकंच सगळा भार घेतं, त्यामुळे त्यांची दुरुस्ती हा निराळा विषय आहे.

आता गंजाकडे वळू. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण ऑक्सिजन जिथे जास्त तिथे गंज जास्त, असा जो समज आपोआप होतो तो चुकीचा आहे. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे एका थेंबावर दाखवून दिलं. घासून स्वच्छ केलेल्या पोलादाच्या पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि रंग बदलणारी दोन रसायनं त्यात मिसळायची. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी तो पोचत नाही. अशा वेळी दोन जागांमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि लोखंड झिजतं ते ऑक्सिजन कमी असलेल्या मधल्या जागी. निळा रंग विरघळलेल्या लोखंडाचा असतो.

हाच थेंब चासीवर नेऊन बघा. चिखलाच्या ढेकळाखाली, दोन पट्ट्यांच्या सांध्यात, बॉडी आणि चासीमधल्या रबरी गादीखाली, पोपडा धरलेल्या रंगाच्या आत ओल आहे पण हवा खेळती नाही. लोखंड तिथेच खाल्लं जातं. उघड्यावर दिसणारी, लालसर पण सपाट बाजू सहसा वरवरचीच गंजलेली असते. ती घासली की खाली शाबूत धातू निघतो. घात करतो तो झाकलेला गंज.

किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून पाझरू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर जवळपास ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं. रत्नागिरी-मालवणकडे हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे किनाऱ्यावरच्या गाडीच्या सांध्यात खारट चिखल बसला असेल, तर जानेवारीतल्या कोरड्या दुपारीही तो सांधा आतून ओला राहतो. घाटावरची गाडी आणि किनाऱ्यावरची गाडी एकाच वर्षाची असली तरी त्यांच्या चासीत एवढा फरक का, याचं उत्तर पावसापेक्षा या मिठात आहे. घाटमाथ्यावर काय कमी पाऊस पडतो?

जीपची चासी म्हणजे दोन लांब साइड मेंबर आणि त्यांना आडवे जोडणारे क्रॉस मेंबर. साइड मेंबर हे उघड्या पन्हळीसारखे, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे असतात. जिथे जास्त जोर येतो तिथे आतून दुसरी पट्टी लावून त्यांची बंद पेटी केलेली असते. उघड्या पन्हळीत चिखल साचतो खरा, पण तो दिसतो आणि बोटाने खरवडता येतो. बंद पेटीत गेलेलं पाणी मात्र आतच राहतं. तिच्या तळाला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने, ग्रीसने, नंतर कुणीतरी फासलेल्या काळ्या डांबरी कोटिंगने बुजतात. मग पेटी आतून कुजते आणि बाहेरून ठीकठाक दिसते.

आणखी तीन जागा मी नेहमी बघतो. पहिली म्हणजे मागचा क्रॉस मेंबर. मागच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल तिथे जाऊन बसतो. दुसरी, पाट्यांचे हँगर आणि शॅकल जिथे साइड मेंबरला रिव्हेटने जोडले आहेत तो भाग. इथे एका पोलादावर दुसरं पोलाद टेकलेलं असतं आणि मधल्या फटीत पाणी शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. तो फटीत वाढू लागला की पाचर ठोकल्यागत दोन पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो. टॉर्च धरून बाजूने पाहिलं तर दोन रिव्हेटच्या मध्ये पट्टी फुगलेली दिसते, आणि कधी रिव्हेटचं डोकंही तुटलेलं असतं. अशी फुगवटी दिसली की सांधा उघडल्याशिवाय इलाज नाही, वरून कितीही रंग मारा. तिसरी जागा बॉडी माउंटची. तिथली रबरी किंवा कॅनव्हासची गादी पाणी शोषून धरून ठेवते आणि तिच्याखाली गादीच्याच मापाचा खड्डा पडतो.

खोलायला सुरुवात करण्याआधी पावसाचा हिशोब करा. हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच काढावं. उघड्या पोलादावर दमट हवेत एका रात्रीत नारिंगी झाक येते. पेट्रोलची टाकी सर्वांत आधी काढायची. सीजे जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते. ती कामाच्या जागेपासून लांब ठेवावी आणि कोणी वेल्डरने कितीही भरवसा दिला तरी तिला ठिणगी दाखवू नये. बॅटरी सोडवावी. प्रत्येक ब्रॅकेट, पाइप आणि वायर कुठून जाते याचे फोटो काढून ठेवावेत. अडकलेला बोल्ट जोर करून सोडवायला गेलं की तुटतो. त्याला आदल्या दिवशी भेदक तेल पाजावं, दुसऱ्या दिवशी आधी किंचित घट्ट करून मग उलटा फिरवावा. तेवढ्यानेही ऐकला नाही तर नट तापवावा, पण आधी तेल पुसून आणि आजूबाजूचं रबर काढून. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली पक्की जमीन आणि लोखंडी स्टँडच हवेत, विटा किंवा सिमेंटचे ठोकळे नकोत. ठोकळा कोणतीही सूचना न देता फुटतो.

बॉडी उतरली, इंजिन आणि ॲक्सल सुटले, की चासी उघडी पडते. आता टोकदार हातोडी घ्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटभर अंतरावर ठोकत जा. शाबूत पोलाद खणखणीत वाजतं आणि हातोडी उसळून परत येते. आतून खाल्लेल्या जागी आवाज बद्द होतो, हातोडीचा ठसा उमटतो, कधी टोक सरळ आतच जातं. ज्या जागा बद्द वाजतील तिथे खडूने गोल काढा. हळुवार ठोकण्यात काही अर्थ नाही. जी पट्टी हातोडीने फुटते ती खड्ड्यात गाडी आदळल्यावर फुटणारच होती. जाडीची शंका असेल तर गंज न लागलेल्या जागी कॅलिपरने मूळ जाडी मोजा आणि संशयाच्या जागेशी ताडून बघा. वडापाला चाललेल्या गाड्यांत गंजाबरोबर भेगाही सापडतात, कारण जेवढी माणसं बसायला हवीत त्याच्या दुप्पट बसलेली असतात. भेग बहुधा हँगरच्या शेजारी, रिव्हेटच्या भोकातून निघालेली असते. वायर ब्रश मारून, रॉकेलचा बोळा फिरवून, वर खडूची पूड टाकली की भेगेतलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं.

मग चासी सरळ आहे का ते पाहायचं, आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, लाइनदोरी, टेप आणि सपाट फरशी एवढं पुरतं. चासी स्टँडवर समतल करायची. दोन्ही साइड मेंबरवरच्या जुळणाऱ्या बिंदूंवरून, म्हणजे हँगरच्या बोल्टच्या किंवा बॉडी माउंटच्या भोकांवरून, ओळंबा सोडून फरशीवर खुणा करायच्या. चासी बाजूला सरकवली की तिचा नकाशाच फरशीवर उरतो. समोरासमोरच्या खुणांचे तिरपे कर्ण मोजले आणि दोन्ही सारखे भरले, तर चौकट काटकोनात आहे. कर्णांत फरक आला तर चासी तिरपी झाली आहे, बहुधा कुठल्यातरी अपघातात. सीजे-३बीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलीमीटर आहे, ते दोन्ही बाजूंना सारखं यायला हवं. या मापांचा कागद जपून ठेवावा. वेल्डिंगनंतर पुन्हा हीच मापं घ्यायची आहेत. मापात मोठा फरक निघाला तर घरचं काम तिथे थांबतं. तिरपी चासी सरळ करायला पक्का बेड आणि हायड्रॉलिक जॅक असलेला गॅरेजवालाच लागतो.

गंज काढायचे मार्ग बरेच आहेत. ग्राइंडरवर वायरचा कप लावून बहुतेक सपाट भाग निघतो. या कामात तारेचा तुकडा गोळीसारखा सुटतो, म्हणून नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे मास्क हवाच आणि पोरांना आसपास फिरकू देऊ नये. पण वायर ब्रश गंजाचे खड्डे घासत नाही, ते चकाकवून वर पॉलिश करतो. खड्ड्याच्या तळाशी गंज आणि मीठ तसंच राहतं. म्हणून संपूर्ण चासी उघडी केलीच असेल तर सँडब्लास्टिंगला पैसे घालवावेत, असं माझं ठाम मत आहे. या एका खर्चात काटकसर करू नये. ब्लास्टरला साधी वाळू वापरू देऊ नका, तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. तांब्याची स्लॅग किंवा गार्नेट वापरणारा शोधा. काम ‘एसए अडीच’ या दर्जाचं हवं असं सांगा. रंगाच्या धंद्यातले लोक ही भाषा समजतात. किनाऱ्यावरची चासी असेल तर ब्लास्टिंगच्या आधी भरपूर गोड्या पाण्याने, दाबाने, पुन्हा पुन्हा धुवा. मीठ पाण्यानेच जातं, घासून जात नाही.

शॅकल, ब्रॅकेट, बोल्ट अशा छोट्या भागांना दोन घरगुती उपाय छान लागू पडतात. पहिला विजेचा. प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचं पाणी करायचं, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या पट्टीला लावायचं. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवावं आणि चार्जर बंद केल्याशिवाय तारा काढू नयेत. दुसरा उपाय साखर कारखान्याच्या मळीचा. एक भाग मळी आणि साधारण नऊ भाग पाण्यात भाग बुडवून काही आठवडे विसरून जायचं. मळीतली द्रव्यं गंजातल्या लोखंडाला धरून सोडवून घेतात आणि शाबूत धातूला फारसा धक्का लागत नाही. वास मात्र असह्य येतो. ॲल्युमिनियमचे भाग यात टाकू नयेत.

जिथे ब्रश पोचत नाही तिथे गंजाचं रूपांतर करणारी रसायनं वापरतात. त्यांत टॅनिन किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिनचं काम आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, कारण आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला धरून निळसर काळं संयुग बनवतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणाऱ्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असतं. म्हणून तर हिरडा कातडी कमावायला जातो आणि पूर्वी शाईतही पडायचा. बाटलीतल्या रसायनाने गंज काळा होतो तो याच कारणाने. फॉस्फोरिक आम्ल लोखंडाचा फॉस्फेट बनवतं आणि तो पृष्ठभागाला चिकटून राहतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उभा आहे, त्यामागेही फॉस्फरसच आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्याने त्यावर रक्षक थर तयार झाला, असं आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलं. मात्र या रसायनांकडून फार अपेक्षा ठेवू नये. ती वरच्या पातळ गंजाचं रूपांतर करतात. पापुद्र्यांची जाड थप्पी असेल तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो.

जिथे भोक पडलं आहे तिथे रसायन आणि रंग दोन्ही व्यर्थ आहेत. जुन्या गाड्यांच्या बाजारात चासीच्या भोकात लांबी भरून, वर काळा रंग मारून गाडी विकलेली सर्रास दिसते. खिशात लोहचुंबक ठेवा. लांबीवर ते चिकटत नाही. कुजलेला भाग शाबूत धातू लागेपर्यंत कापून काढावा आणि तेवढ्याच जाडीचं पोलाद बसवावं. कुजक्या कडेवर ठिगळ वेल्ड केलं की कड जळून जाते आणि ठिगळाच्या मागे नवी बंद फट तयार होते, म्हणजे गंजाला नवं घरच. इथे मी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कापणं, माप घेणं, पट्टी घडवणं, टॅक मारण्याइतपत जागा स्वच्छ करणं हे घरी करावं. शेवटचं वेल्डिंग मात्र ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच करावं. या टाक्यावर पुढे माणसं बसणार आहेत.

वेल्डर कितीही चांगला असला तरी काही गोष्टी त्याच्याशी आधी बोलून ठेवाव्यात. एका दमात लांब रनिंग मारलं की चासी तापून वाकते. इंचभर इथे, इंचभर समोरच्या बाजूला, असं आलटून पालटून काम करावं आणि प्रत्येक टप्प्यावर कर्ण मोजावेत. साइड मेंबरच्या वरच्या आणि खालच्या कडेवर सर्वांत जास्त ताण येतो. तिथे आडवा वेल्ड मारू नये आणि नवं भोकही पाडू नये, भेग तिथूनच सुरू होते. मजबुतीची पट्टी लावायची तर ती चौकोनी नको. दोन्ही टोकांना निमुळती कापलेली असली की ताण एका रेषेत अचानक न येता हळूहळू वाटला जातो. जिथे मूळचे रिव्हेट होते तिथे कारखान्याने हौसेने रिव्हेट मारले नव्हते. चासी चालताना थोडी पिळते, आणि रिव्हेटचा सांधा ते सोसतो. तोच सांधा सगळीकडून वेल्ड केला की पीळ शेजारच्या पट्टीवर जातो आणि ती फाटते. रिव्हेट काढावा लागला तर भोक नेमकं करून त्यात घट्ट बसणारा ८.८ दर्जाचा बोल्ट टाकावा. फुगलेले सांधे असेच उघडून, दोन्ही पृष्ठभाग साफ करून, प्रायमर मारून मगच पुन्हा जोडावेत.

रंगाच्या दुकानात गेलं की दुकानदार रेड ऑक्साइडचा डबा पुढे करतो. त्यातला लाल रंग म्हणजे गंजाच्याच कुळातलं लोहाचं ऑक्साइड असतं, फक्त ते स्थिर झालेलं असतं. खिडकीच्या गजांना तो ठीक आहे. चाकाखालचा चिखल आणि खारं पाणी सोसायला हवाबंद थर लागतो, आणि तो दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर देतो. मिसळण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते डोळ्याने नव्हे, मापाने घ्यावं. जस्ताचा प्रायमर वापरायचा असेल तर तो उघड्या, ब्लास्ट केलेल्या पोलादावरच लागू पडतो, कारण जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं आणि त्यासाठी दोघांचा थेट स्पर्श हवा. रंग धारदार कडेवरून मागे सरतो आणि तिथे थर सर्वांत पातळ राहतो. म्हणून स्प्रे करण्याआधी सगळ्या कडा, वेल्डचे सांधे, रिव्हेटची डोकी आणि भोकांचे काठ ब्रशने एकदा रंगवून घ्यावेत. जहाजांवर काम करणारे रंगारी हे कधी चुकवत नाहीत. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं, म्हणून कोकणात सकाळी लवकर रंगाचं काम काढू नये. ऊन पडून पोलाद कोरडं झाल्यावर सुरू करावं आणि संध्याकाळी हवा ओलावण्याआधी आवरावं.

बाहेरून एवढं केलं तरी बंद पेटीचा आतला भाग राहतोच. आधी तळाची भोकं तार घालून मोकळी करा. मग लांब नळीच्या फवाऱ्याने आत पोकळीसाठीचं मेण सोडा. ते सांध्यांत झिरपतं आणि मऊच राहतं, तडकत नाही. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीच्या बुडाला जळकं ऑइल फवारण्याची पद्धत आहे. तेलाने पाणी अडतं हे खरं, पण त्याने रबरी बुश फुगतात, ब्रेकवर गेलं तर घात होतो, आणि ते धुऊन विहिरीत आणि शेतात उतरतं. मी त्याच्या बाजूचा नाही. सर्व्हिसिंगला गेल्यावर गळ्यात मारलं जाणारं जाड रबरी कोटिंग तर गंजलेल्या चासीवर अजिबात घेऊ नये. स्वच्छ पोलादावर ते उपयोगी आहे. गंजावर फासलं की एका बाजूने सुटतं, आत पाणी घेतं आणि ते बाहेर पडू देत नाही. इव्हान्सच्या थेंबाचा मध्यभाग आपण स्वतःच तयार केलेला असतो.

जस्ताच्या कढत रसात बुडवून गॅल्व्हनाइझ करणं हा सर्वांत टिकाऊ इलाज आहे. ब्रिटनमध्ये लँड रोव्हरवाले तो आवर्जून करतात. १९४८ साली पोलादाच्या टंचाईमुळे त्या गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची केली गेली आणि चासी पोलादाचीच राहिली. त्यात हिवाळी रस्त्यांवर मीठ टाकायची तिकडची पद्धत. त्यामुळे बॉडी शाबूत आणि चासी गेलेली, अशा गाड्या तिथे ढिगाने सापडतात. विजेच्या मनोऱ्यांचे भाग गॅल्व्हनाइझ करणारे कारखाने आपल्याकडेही आहेत. पण हौदाचं तापमान ४५० अंशांच्या आसपास असतं. पातळ पट्टी वाकू शकते, आणि बंद पेटीत ओल अडकली असेल तर वाफ होऊन ती फुटू शकते. सगळी वेल्डिंग आधी पूर्ण करून आणि प्रत्येक पेटीला भोकं ठेवूनच चासी तिकडे न्यावी.

एवढ्या सगळ्या घासाघाशीत चासीचा नंबर सांभाळायला विसरू नका. ब्लास्टिंगच्या आधी त्याचा फोटो घ्या, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि ती जागा टेपने पक्की झाका. नंतर ती हाताने, बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नंबर पुसट झाला किंवा त्यावर वेल्ड गेला, तर फिटनेसच्या वेळी आरटीओत उभं राहून स्वतःचीच गाडी स्वतःची असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं. पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण तिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून जुनी चासी शक्य तितकी मूळ घडणीत राखा. साइड मेंबर लांबवणं, उंच करणं, दुसऱ्या गाडीचे तुकडे जोडणं असलं काही करू नका.

जोडणी करताना गाद्या नव्या घ्या, आणि त्या बसवण्याआधी खालच्या पृष्ठभागावर मेणाचा किंवा ग्रीसचा हात फिरवा. ब्रेकचे लोखंडी पाइप जुनेच वापरायचा मोह टाळा, ते चासीच्याच चिखलात कुजलेले असतात. पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावर पुन्हा घट्ट करा, आणि थोडं चालवून झाल्यावर आणखी एकदा बघा. पुढे दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरला की, गोड्या पाण्याचा नळ बुडाखाली धरा, हँगरच्या मागचा चिखल बोटाने काढा आणि पेट्यांच्या तळच्या भोकांत तार घालून बघा. भोकातून तांबूस पाणी आलं तर त्याच आठवड्यात आत पुन्हा मेण सोडा.